टेम्पोचा कर, पासिंग आणि मालकावरचा खटला



३१ जुलैला बंदी संपते आणि दोन महिने माडाखाली उभ्या असलेल्या पिकअप, टेम्पो, तीनचाकी एकाच आठवड्यात रस्त्यावर येतात. होडीचे कागद आपण बंदीतच करून ठेवतो. नोंदणी आणि परवाना नसेल तर ट्रॉलर बाहेर काढता येत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. गाडीचे कागद मात्र सीटखाली, बिलांच्या गठ्ठ्यात, आणि कधी कधी तीन वर्षं न उघडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. म्हणून या वेळचा पाठ होडीचा नाही, जेटीवरून मासळी उचलणाऱ्या गाडीचा.

सभासद विचारतात, "पकडलं तर किती बसतात?" आकडा पुढे सांगतोच. पण दंडाच्या पावतीवर गोष्ट संपली तर मालक नशीबवान म्हणायचा. दंड भरून झाल्यावर उरतं ते कितीतरी मोठं असतं, आणि ते येतं आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्या दारात.

आधी कर कुणाचा ते पाहू. रस्त्यावरच्या वाहनांवर कर लावण्याचा अधिकार घटनेने राज्यांना दिला आहे (राज्यसूची, नोंद ५७). गोव्यात त्यासाठी १९७४ चा गोवा, दमण आणि दीव मोटार वाहन कर कायदा आहे. पलीकडे सिंधुदुर्गात १९५८ चा महाराष्ट्र मोटार वाहन कर कायदा लागतो, म्हणून एमएच ०७ च्या टेम्पोचा कर तिकडे भरला जातो. नोंदणी, फिटनेस, परमिट, विमा, लायसन्स या गोष्टी मात्र १९८८ च्या केंद्रीय मोटार वाहन कायद्यात येतात आणि तो केरीपासून काणकोणपर्यंत आणि चोर्ला घाट चढून बेळगावात उतरलात तरी तोच आहे. स्कूटर, कार यांचा कर बहुतेक एकरकमी जातो, त्यामुळे आपण तो विसरून जातो. मालाच्या गाडीचा कर ठरावीक मुदतीने भरावा लागतो, आणि तिथेच आपला घोळ होतो.

आता ही साखळी नीट समजून घ्या. अर्ध्या लोकांना ती माहीत नसते.

कर थकला की संगणकावर पुढचं काम अडतं. वाहतूक कार्यालयात फिटनेससाठी गेलात तर आधी कर भरा म्हणतात. तेवढे पैसे हातात नसतात, म्हणून फिटनेस राहतो. फिटनेस राहिला तर काय बिघडलं? गाडी तर ठणठणीत आहे, ब्रेक लागतात, लाइट पेटतात. इथे कायद्याचं कलम ५६ येतं. ते सांगतं की फिटनेस प्रमाणपत्र नसलेली मालवाहू किंवा प्रवासी गाडी ही वैध नोंदणी असलेली गाडी मानायचीच नाही. म्हणजे तुमच्याकडे आरसी आहे, नंबरप्लेट आहे, पिवळ्या पाटीवर काळा नंबर ठळक रंगवला आहे, तरी कायद्याच्या नजरेत ती बिननोंदणीची गाडी. आणि बिननोंदणीची गाडी सार्वजनिक जागी चालवू नये, मालकाने चालवू देऊ नये, असं कलम ३९ सांगतं. ते मोडलं की शिक्षा कलम १९२ खाली. पाहा, सुरुवात झाली होती थकलेल्या करापासून.

कलम १९२ चे आकडे असे. पहिल्या वेळी दंड, कमीत कमी २,००० आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये. दुसऱ्या वेळी किंवा त्यानंतर, एक वर्षापर्यंत कैद, किंवा कमीत कमी ५,००० ते जास्तीत जास्त १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीने फिटनेस नसलेली गाडी याच कलमात बसते हे वेगळं लिहून स्पष्ट केलं. त्याच दुरुस्तीत १९२-बी हे नवीन कलम आलं. मालकाने गाडीच्या नोंदणीसाठी अर्जच केला नाही तर वार्षिक कराच्या पाचपट, किंवा आजीवन कराच्या एक तृतीयांश, यांतला जो जास्त असेल तेवढा दंड. इथे दंडाचं माप म्हणून करच घेतला आहे, हे लक्षात ठेवा. कर चुकवण्यासाठी नोंदणी टाळली तर करच अनेकपट होऊन परत येतो.

आणि हे वाक्य घरात मोठ्याने वाचून दाखवा. कलम १९२ फक्त "जो चालवतो" त्याच्यासाठी नाही, "जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो" त्याच्यासाठीही आहे. ड्रायव्हर कारवारचा असो की झारखंडचा, तो हंगाम संपला की जातो. मालक इथेच असतो, नाव-पत्ता आरसीवर असतो, त्यामुळे समन्स त्याच्या घरी येतं. ज्या गुन्ह्यांत परवानगी आहे तिथे अधिकारी जागेवर तडजोड शुल्क घेऊन विषय मिटवतो. ते भरलं नाही तर प्रकरण प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जातं. आणि कोर्टाची तारीख काही भरती-ओहोटी बघून पडत नाही. होडी बाहेर असली तरी जावं लागतं.

कराच्या वसुलीचा रस्ता आणखी वेगळा. थकलेला मोटार वाहन कर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करण्याची तरतूद राज्यांच्या कर कायद्यांत सर्रास असते. म्हणजे गाडी भंगारात दिली म्हणून कर मेला, असं होत नाही. भंगारात देताना नोंदणी रद्द करून घेतली नाही तर ती कागदावर जिवंतच राहते. आपल्या गावात अशा किती गाड्या असतील ते तुम्हीच मोजा. मागच्या अंगणात चाकं काढलेली, वर वेल चढलेली, आणि कार्यालयाच्या दप्तरी अजून "चालू".

आता मासळीवाल्यांच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. रात्री अडीच वाजता मालीमहून किंवा शापोराहून निघालेली गाडी अडवली, मागे बांगडा भरलेला आहे, बर्फ विरघळतोय. कलम २०७ प्रमाणे अधिकारी गाडी ताब्यात घेऊ शकतो का? नोंदणी नसेल, परमिट लागत असून नसेल, ड्रायव्हरकडे लायसन्स नसेल, तर घेऊ शकतो. मात्र त्याच कलमात एक सवलत आहे आणि ती प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असली पाहिजे. लायसन्स किंवा परमिटचा प्रश्न असेल तर अधिकारी गाडीऐवजी आरसी ताब्यात घेऊन पावती देऊ शकतो. नम्रपणे विनंती करा, मासळी नाशवंत आहे, आरसी ठेवून घ्या, पावती द्या. देणं त्याच्या हातात आहे, पण मागायला हरकत नाही. नोंदणीचाच प्रश्न असेल, म्हणजे कलम ३९ चा, तर ही सवलत त्या वाक्यात नाही. आणि फिटनेस संपलेली गाडी कलम ३९ मध्येच जाते हे वर सांगितलं. म्हणून आम्ही म्हणतो, परमिटपेक्षा आधी फिटनेस सांभाळा. अडकलेल्या गाडीतला माल दुसऱ्या गाडीत घ्यायला परवानगी मागा, तसा फोन नंबर ड्रायव्हरकडे आधीच देऊन ठेवा. गाडी सोडवायला कागद घेऊन मालकाला किंवा गाडी ज्याच्या ताब्यात होती त्याला अर्ज करावा लागतो.

काही जण सांगतात की तातडीच्या वेळी गाडी वापरली तर गुन्हा नाही. बरोबर आहे, पण ती तातडी कुठली ते वाचा. आजारी किंवा जखमी माणसाला नेणं, संकटात सापडलेल्यांसाठी अन्न किंवा सामान नेणं, औषधं पोहोचवणं, यासाठी कलम १९२ लागत नाही, आणि तेव्हाही सात दिवसांच्या आत प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला कळवावं लागतं. बाजार चुकेल ही तातडी त्यात धरलेली नाही.

परमिटबद्दल दोन ओळी. मालवाहू गाडीचं एकूण वजन, म्हणजे माल धरून आरसीवर लिहिलेलं वजन, ३,००० किलोपर्यंत असेल तर कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही. आपल्या बऱ्याच लहान गाड्या त्यात बसतात. पण "परमिट लागत नाही" याचा अर्थ आपल्याकडे "काहीच लागत नाही" असा होऊन बसलाय. कर लागतो, फिटनेस लागतो, विमा लागतो. ३,००० च्या वरच्या गाडीला परमिट नसेल तर कलम १९२-ए खाली पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि १०,००० रुपये दंड.

"अहो, आमची गाडी रस्त्यावर कुठे जाते? जेटी ते बर्फाचा कारखाना, बस्स." हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय की त्यासाठी वेगळा परिच्छेद हवाच. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला आणि "रस्त्यावर न येणाऱ्या गाडीला कर नाही" असं त्यावरून सगळीकडे फिरलं. निकाल खरा आहे. पण तो विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातल्या गाड्यांचा होता, आणि आंध्रच्या कर कायद्याखालचा. त्या गाड्या भिंतीने बंदिस्त आवारात चालत होत्या, दारावर पहारा, पासाशिवाय आत कुणाला प्रवेश नाही. न्यायालयाने म्हटलं की ही सार्वजनिक जागा नव्हे. आता आपली जेटी डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाईक येतं, मासळी विकणाऱ्या बायका येतात, पर्यटक फोटो काढायला येतात, कुत्री-मांजरं तर येतातच. कायद्यात सार्वजनिक जागेची व्याख्या अशी आहे की जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कुठलीही जागा, रस्ता असो वा नसो. शिवाय जेटीच्या दारातून कारखान्यापर्यंतचा रस्ता पंचायतीचा किंवा बांधकाम खात्याचाच ना? त्या निकालावर भरवसा ठेवून कर थांबवू नका. किनाऱ्यावर होड्या ओढायला ठेवलेल्या जुन्या गाड्यांनाही हेच लागू.

आता विकलेल्या गाडीबद्दल. आपल्यात गाडी विकणं म्हणजे पैसे मोजून घेणं, किल्ली देणं, साध्या कागदावर सह्या. "नावावर करून घे रे" म्हणून सांगणं, आणि विसरणं. कायद्यात मालक कोण? ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने त्याच राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं. एकाने २००७ मध्ये गाडी विकली. नंतर ती आणखी काही हातांतून फिरली, आरसीवरचं नाव मात्र पहिल्याचंच. २००९ मध्ये अपघात होऊन एकाचा जीव गेला. नुकसानभरपाई कुणी द्यायची? न्यायालयाने सांगितलं, ज्याचं नाव नोंदणीत आहे त्याने. दोन वर्षं त्याने ती गाडी पाहिलीही नसेल. आपल्या सभासदांपैकी ज्यांनी मागच्या पाच-सहा वर्षांत पिकअप विकली असेल त्यांनी आज रात्री जेवणाआधी एमपरिवहन अॅपमध्ये जुना नंबर टाकून नाव कुणाचं दिसतं ते बघावं. तिथेच कर, फिटनेस, विमा कुठल्या तारखेपर्यंत आहे तेही दिसतं.

विम्याची गोष्ट याहून कडू आहे. २०२१ च्या एका निकालात नवीन बोलेरो होती. पूर्ण विमा काढलेला होता. तात्पुरती नोंदणी संपून थोडेच दिवस झाले होते, कायमची नोंदणी केलेली नव्हती. मालक कामासाठी जोधपूरला गेला, रात्री गाडी बाहेर उभी केली, सकाळी गाडी नाही. विमा कंपनीने पैसे नाकारले आणि सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं म्हणणं मान्य केलं. कारण वैध नोंदणी नसताना गाडी सार्वजनिक रस्त्यावर वापरली हा पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग. चोरीचा आणि नोंदणीचा काय संबंध, असं आपल्याला वाटेल. वाटून उपयोग नाही. दुसरा निकाल २०१८ चा, परमिट लागत असून न घेतलेल्या ट्रकचा. मयताच्या कुटुंबाला विमा कंपनीने आधी पैसे द्यायचे आणि मग ते मालकाकडून वसूल करायचे, असा आदेश. मयताच्या घरच्यांच्या दृष्टीने हे योग्यच झालं. पण मालकाने वर्षानुवर्षं भरलेला हप्ता त्याच्या काही कामाला आला नाही. मृत्यूच्या दाव्याची रक्कम लाखांत जाते. त्यासाठी कुणाची होडी विकली जाते, कुणाच्या बायकोचे दागिने.

विमाच नसेल तर काय, हे सांगायला नको. तरी आकडा देतो. कलम १९६, पहिल्यांदा २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर ४,००० रुपये.

बाहेरून जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. सावंतवाडी, कोल्हापूर, बेळगाव इथून स्वस्तात पिकअप मिळते आणि आपण आणतो. स्वस्त का ते आधी बघा. थकलेला कर गाडीबरोबर येतो, तो भरल्याशिवाय ती तुमच्या नावावर होत नाही. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर त्यांच्या संमतीशिवाय नाव बदलत नाही. मूळ कार्यालयाची एनओसी लागते. अर्ज दिल्यावर ३० दिवसांत नकार कळवला नाही तर एनओसी दिली असं मानलं जातं, हे कलम ४८ मध्ये आहे, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. एमएच ०७ किंवा केए २२ ची पाटी लावून तीन-तीन हंगाम काढणाऱ्यांनी हे वाचावं. पिकअपच्या मागे नंतर इन्सुलेटेड पेटी बसवली असेल तर तो बदल आरसीत मांडून घ्या, कलम ५२. मंजुरीशिवाय केलेल्या बदलाबद्दल मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. २०१८ च्या फॉर्मेलिन प्रकरणापासून पत्रादेवी आणि पोळे नाक्यावर मासळीच्या गाडीकडे नजर जरा जास्तच असते, तेव्हा पेटी लपवता येईल असं समजू नका.

बंदीतल्या दोन महिन्यांचा हिशेब. मालाच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, त्यानंतर दरवर्षी. मुदत संपल्यावर प्रत्येक दिवसाला ५० रुपये जादा शुल्क. समजा ३१ मे रोजी फिटनेस संपला आणि गाडी बंदच आहे म्हणून तुम्ही १ ऑगस्टला गेलात. जून-जुलैचे ६१ दिवस, ३,०५० रुपये, गाडी एक किलोमीटरही न धावता. कराचंही तसंच. मोटार वाहन कर हा गाडी "वापरली किंवा वापरण्यासाठी ठेवली" म्हणून असतो, किती किलोमीटर गेली यावर नाही. बंदीत गाडी बंद ठेवून कर वाचवायचा असेल तर आधी लेखी कळवून, पोच घेऊन. ऑगस्टमध्ये जाऊन "जूनमध्ये उभी होती हो" असं सांगणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. ज्यांना खरंच बंद ठेवायची आहे त्यांनी मे महिन्यातच वाहतूक कार्यालयात जाऊन विचारावं.

बाजारात मासळी घेऊन जाणाऱ्या आपल्या बहिणींच्या स्कूटर आहेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपण्याआधी ६० दिवसांत अर्ज करता येतो. एप्रिल २०२२ पासून उशिराला दुचाकीसाठी महिन्याला ३०० रुपये आणि बाकी खासगी गाड्यांना ५०० रुपये. आरसीवरची तारीख बघा, २०१० च्या आधीची असेल तर मुदत संपलेली असणार.

ड्रायव्हरबद्दल थोडक्यात. हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवू शकतो, वेगळी नोंद नको, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर मालकाला कलम १८० खाली ५,००० रुपये किंवा तीन महिने. आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला "जा रे, बर्फ घेऊन ये" म्हणून टेम्पोची किल्ली देणाऱ्यांनो, कलम १९९-ए प्रमाणे पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. यात आम्ही कुणाची बाजू घेणार नाही.

एक तक्रार आमचीही आहे, ती मांडतो. नियम कडक झाले, पण कागद करायला गेलेल्या मासेमाऱ्याचे तीन-तीन दिवस जातात. एका कार्यालयात तर आमच्या सभासदाला एकाच कामासाठी चार खेपा माराव्या लागल्या, प्रत्येक वेळी नवीन कागद. मग लोक एजंटला पैसे देतात किंवा नाद सोडतात. यावर संस्थेतर्फे आम्ही लेखी निवेदन तयार करतोय. बंदीच्या काळात जेटीवरच मासळीच्या गाड्यांसाठी फिटनेस आणि कर भरण्याची एक दिवसाची सोय व्हावी, एवढीच मागणी आहे. ज्यांना खेपा पडल्या त्यांनी तारखा आणि कुठला कागद मागितला ते लिहून द्यावं.

कागद मूळ घेऊन फिरायची गरज नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद चालतात, तसा नियम २०१८ पासून आहे. पण ड्रायव्हरच्या फोनमध्ये ते असायला हवेत. मालकाच्या फोनमध्ये असून रात्री अडीच वाजता काय उपयोग?

संस्थेच्या कार्यालयात रविवारी सकाळी मासळी उतरून झाल्यावर आम्ही बसतो. गाडीचा नंबर आणि आरसीची प्रत आणा, चारही तारखा बघून तुमच्या पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून देऊ. विकलेल्या गाड्यांचे नंबरही आणा.